वाचकांचे प्रश्न: छपराची आढी जुळत नाहीत, मॅडम!

प्रश्न: मॅडम, मी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे, रेव्हिट (इमारतींची मॉडेलं करायचं सॉफ्टवेअर) नुकतंच शिकायला घेतलंय. एल आकाराच्या घराचं मॉडेल करतेय. मुख्य भाग 6 मीटर रुंद. त्याच्या उजव्या टोकाला प्लॅनमध्ये काटकोनात खाली जाणारा दुसरा भाग 4 मीटर रुंद. उजवीकडची बाहेरची भिंत दोन्ही भागांना सलग आहे. सगळ्या बाजूंना 30 अंशांचा उतार दिला, तरी दोन आढी (छपरांच्या माथ्यावरच्या आडव्या धारा) एका उंचीला येत नाहीत. दोन्ही छपरं मिळतात तिथे एक आखूड तिरकी रेघ उमटते, ती पुसताही येत नाही. शिवाय प्लॅनमध्ये मुख्य छपराचा कडेचा पट्टाच दिसतो, मधलं गायब! कुठे चुकतंय?
— एक विद्यार्थिनी

उत्तर: आधी त्या रेघेवरचा हात काढ. ती बरोबर आहे.

‘रूफ बाय फुटप्रिंट’ (बाह्यरेषेवरून छप्पर करायचं रेव्हिटचं साधन) वापरताना आपण छप्पर काढत नसतो. रेव्हिटला आपण मोजक्याच गोष्टी सांगतो: छपराची कड कुठून कुठे जाते, कुठल्या कडेला उतार आहे आणि किती, आणि हा उतार कोणत्या उंचीपासून चढायला लागतो. बाकी सगळा हिशोब त्याचा. त्यामुळे छप्पर वेडंवाकडं आलं की आढ्याशी झटापट करून उपयोग नाही, कडांकडे परत जायचं.

आता तुझा हिशोब मांडू. आढं रुंदीच्या मध्यावर येतं, म्हणजे त्याची उंची अर्धी रुंदी गुणिले उताराचा टॅन्जंट. 30 अंशांचा टॅन्जंट 0.577. मुख्य भागाला 3 गुणिले 0.577, म्हणजे 1.73 मीटर. छोट्या भागाला 2 गुणिले 0.577, म्हणजे 1.15 मीटर. उतार तोच आणि रुंदी कमी, तर छोटं आढं 58 सेंटीमीटर खाली बसणारच. रेव्हिटने अगदी इमानदारीत गणित केलंय.

आता रेघ. एक कोरा कागद घे, घराची बाह्यरेषा काढ आणि प्रत्येक कोपऱ्यातून 45 अंशांची रेघ आत ने. सगळ्या पाख्यांचा, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूंचा, उतार सारखा असला की दोन पाखी जिथे मिळतात ती रेघ प्लॅनमध्ये कोपरा बरोबर दुभागते. एलच्या आतल्या कोपऱ्यातून निघालेली रेघ म्हणजे व्हॅली, दोन पाख्यांमधली खोलगट रेघ. ती कागदावर 2 मीटर उजवीकडे आणि 2 मीटर वरच्या बाजूला सरकली की छोट्या भागाचं आढं लागतं आणि व्हॅली तिथे संपते. पण मुख्य आढं उंचीने अजून 58 सेंटीमीटर वर आहे. मधल्या जागेत उजव्या कडेचं पाखं आणि मुख्य भागाचं खालच्या बाजूचं पाखं एकमेकांना भिडतात. ती भिडण्याची धार म्हणजेच तुझी आखूड रेघ. छोट्या आढ्याच्या टोकापासून मुख्य आढ्याच्या टोकापर्यंत, प्लॅनमध्ये 1.41 मीटर. वरच्या उजव्या कोपऱ्यातून येणारी हिपसुद्धा (बाहेरच्या कोपऱ्यातून चढणारी धार) मुख्य आढ्याच्या त्याच टोकाला येऊन मिळते. हे कागदावर एकदा स्वतःच्या हाताने उतरव, मग पुसावंसं वाटणार नाही. माझ्या वर्गात छपराचा तास असला की पहिला अर्धा तास कॉम्प्युटर बंद असतात. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत.

दोन्ही आढी एका उंचीला हवीच असतील तर दोन वाटा आहेत. एक, छोट्या भागाचा उतार वाढवायचा: 2 मीटरमध्ये 1.73 चढायचं तर सुमारे 41 अंश. पण उजवी कड दोन्ही भागांना सामाईक आहे, तिचा उतार बदलला की वरच्या कोपऱ्यातली हिपही 45 अंशांवरून सरकते. दुसरी, छोट्या भागाचं छप्पर वेगळं करून 58 सेंटीमीटर वर उचलायचं आणि ‘जॉइन रूफ’ने मुख्य छपराला जोडायचं. मला विचारशील तर दोन्ही नको. छोटं आढं मोठ्याच्या खाली असलेलं घर बघायला छान दिसतं.

जाता जाता व्हॅलीबद्दल. पाखी 30 अंशांची असली तरी व्हॅलीचा स्वतःचा उतार जेमतेम 22 अंश भरतो, कारण ती तिरकी, लांबच्या वाटेने चढते. दोन पाख्यांचं पाणी तिच्यात आणि उतार तिचाच कमी! गळती तिथे आधी का सुरू होते हे यावरून कळेल. मॉडेलमध्ये पाणी दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

तू विचारलं नाहीस, पण पुढच्याच आठवड्यात विचारशील अशी एक गोष्ट: कडा काढताना ‘पिक वॉल्स’ वापर, हाताने रेघा ओढू नकोस. समजा वळचण भिंतीपासून 60 सेंटीमीटर बाहेर हवी आहे. ‘पिक वॉल्स’ने भिंत निवडून ओव्हरहँग 0.6 दिलास तर उताराची उंची भिंतीपाशी धरली जाते आणि वळचण साधारण 35 सेंटीमीटर खाली उतरते. आढं जागचं हलत नाही. तेच तू 60 सेंटीमीटर बाहेर हाताने रेघ ओढलीस तर उतार त्या रेघेपासून चढायला लागतो, भिंतीपाशी पोचेपर्यंत छप्पर 35 सेंटीमीटर वर गेलेलं असतं आणि भिंतीच्या माथ्यावर सगळीकडून फट. मग मुलं भिंत उंच करत बसतात. शिवाय ‘पिक वॉल्स’ने केलेलं छप्पर भिंत सरकवली की सोबत सरकतं. घर फिरलं की वासे फिरतात, ते इथे आपल्या सोयीचं.

वळचण चारही बाजूंना सारखी नसेल तर मात्र सांभाळ. एकीकडे 60 आणि शेजारी 30 सेंटीमीटर ठेवलीस तर दोन वळचणींच्या उंचीत 17 सेंटीमीटरचा फरक पडतो आणि कोपऱ्यावर पन्हळ जुळत नाही. ‘अलाइन ईव्ह्ज’ हे साधन त्यासाठीच आहे.

प्लॅनमधलं गायब छप्पर ही तर किरकोळ बाब. फ्लोअर प्लॅन सहसा त्या मजल्याच्या पातळीपासून 1200 मिलिमीटरवर घर आडवं कापून दाखवतो. तुझं मुख्य आढं छपराच्या पातळीपासून 1.73 मीटरवर, म्हणजे त्या कापाच्या वर. छपरासाठी प्लॅनची वेगळी प्रत काढ आणि तिच्या ‘व्ह्यू रेंज’मध्ये (प्लॅनमध्ये कोणत्या उंचीपर्यंतचं दिसावं ते ठरवणारी सेटिंग) टॉप आणि कट प्लेन, म्हणजे वरची मर्यादा आणि कापाची पातळी, दोन्ही आढ्याच्या वर ने. मूळ प्लॅनची व्ह्यू रेंज बदलू नकोस, नाहीतर त्यातल्या खिडक्या-दारांची रेखाटनं बिघडतील.

प्रश्न: मी घरगुती फर्निचरची डिझाइनं स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतो. आता एका छोट्या घराचं छप्पर करायला घेतलं, पण छप्पर उचललं की भिंती ताणल्या जातात. दुसरं, पुश-पुल साधनाने पृष्ठभाग ओढून छपराला जाडी दिली की आढ्यावर व्ही आकाराची फट पडते.
— एक वाचक

उत्तर: पहिल्याचा इलाज तुम्हाला फर्निचरमुळे ठाऊक असणार. भिंतींचा ग्रुप करा, मगच छप्पर काढा, आणि छपराचाही वेगळा ग्रुप करा. स्केचअपमध्ये सुटे पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात. कपाटाच्या फळ्या तुम्ही सुट्या ग्रुपमध्ये ठेवता ना, तीच शिस्त.

फटीचं कारण असं की पुश-पुल प्रत्येक पाखं त्याच्या स्वतःच्या पृष्ठभागाशी काटकोनात सरकवतं. दोन पाखी दोन दिशांना सरकली की आढ्यावर ती एकमेकांपासून दूर जाणारच. त्यापेक्षा छपराचा अख्खा पापुद्रा निवडा, मूव्ह साधनाने निळ्या अक्षावर सरळ वर त्याची प्रत काढा आणि वळचणीच्या कडा रेघांनी जोडून बंद करा. एक हिशोब मात्र ध्यानात ठेवा: उभं सरकवलेलं अंतर म्हणजे छपराची जाडी नव्हे. 30 अंशांच्या छपरात 150 मिलिमीटर उभं सरकवलं तर खरी जाडी 130 भरते. पूर्ण 150 हवी असेल तर 173 सरकवा.

प्रश्न: फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दुपाखी छप्पर हवंय, पण दरवेळी चौपाखीच येतं. उताराला 30 लिहितो, तेही बरोबर आहे ना? आमच्या जुन्या ड्रॉइंगवर उतार टक्क्यांत असायचा.
— बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक वाचक

उत्तर: सगळ्या कडांना उतार दिला की चौपाखीच येणार, साहेब. छपरावर डबल-क्लिक केलं की प्रत्येक कडेचा तक्ता उघडतो. ज्या दोन बाजूंना त्रिकोणी भिंत हवी, त्या कडांचा कोन 90 करा. पाखं उभं राहतं आणि दुपाखी मिळतं. कडांची मोजणी शून्यापासून असते, तेवढं बघा. रेव्हिटवाल्यांनी याच ठिकाणी ‘डिफाइन्स स्लोप’ची खूण काढून टाकायची.

तक्त्यातले 30 हे अंश आहेत. ड्रॉइंगवर 30 टक्के लिहिलेलं असेल तर ते जेमतेम 16.7 अंश होतात, आणि 30 अंश म्हणजे जवळजवळ 58 टक्के. जुना आकडा तसाच टाकलात तर छप्पर दुपटीने उंच होईल. आकडा टक्क्यांतला असेल तर त्याला शंभराने भागून कॅल्क्युलेटरवर इनव्हर्स टॅन दाबा, येईल तो कोन तक्त्यात लिहा.