शोधपत्रकार आधी माणूस ठरवतात की पुरावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: शोधपत्रकार कोणाला उघडं पाडायचं हे आधीच ठरवून बसतात का, आणि तुमच्याकडे एका कॉलनायझरचे (प्लॉट पाडून वसाहती विकणाऱ्याचे) कागद आहेत ते कोणी छापेल का. मी इंदूरला एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, त्यावरून सांगतो.

माणूस क्वचितच आधी ठरतो. आधी कोणीतरी कागद घेऊन येतं, आणि येणारा बहुधा दुखावलेला असतो: टेंडर हुकलेला ठेकेदार, प्रमोशन अडलेला बाबू. त्याला राग आहे म्हणून कागद खोटा ठरत नाही. पण त्यातली कुठली पानं त्याने घरीच ठेवली, हे शोधावं लागतं.

भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानींचंच बघा. डिसेंबर 1981 मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडमध्ये फॉस्जीन या विषारी वायूने त्यांचा मित्र असलेला कामगार गेला. तिथून ते कारखान्यात काय साठवतात, काय गळतं, याच्या मागे लागले. कंपनीच्याच सुरक्षा तपासणीचा अहवाल मिळवला आणि सप्टेंबर 1982 मध्ये स्वतःच्या ‘रपट’ या लहानशा साप्ताहिकात धोका छापला. कोणी हललं नाही. डिसेंबर 1984 मध्ये काय झालं ते सांगायला नकोच.

कायदाही चाळणी लावतो. फौजदारी अब्रूनुकसानीत (आता भारतीय न्याय संहिता, कलम 356) नुसतं ‘खरं आहे’ म्हणून भागत नाही, छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. म्हणून साहेबांचं लफडं सोडून देतात. त्या लफड्याचं घरभाडं सरकारी तिजोरीतून जात असेल, तर मात्र बातमी.

आता कडू भाग. लाच घेताना सापडलेला पटवारी (तलाठी) सारखा छापून येतो, कारण सापळा लोकायुक्त पोलिसांचा असतो आणि पटवारी काही पेपरला कोर्टात खेचत नाही. रविवारी पानभर जाहिरात देणाऱ्याची फाइल मात्र ‘अजून पक्की करा’ म्हणून परत येते. कधीकधी ती खरंच कच्ची असते, बरं का.

तेव्हा तुमच्या कागदांच्या प्रमाणित प्रती काढा. मंजूर नकाशा आरटीआयने मागवा. ‘याला उघडं पाडा’ म्हणत जाऊ नका; बगीच्याच्या जागेवर प्लॉट पडले असतील, तर ते कुणाच्या सहीने, एवढंच विचारा. आणि त्या कॉलनायझरशी तुमचा स्वतःचा पैशांचा वाद असेल तर पहिल्याच भेटीत सांगून टाका. पत्रकार त्याची बाजू विचारायला जाणारच आहे, तेव्हा तो तेच आधी सांगेल.