मुलगा हिस्टरी घेतोय, तेही कम्युनिटी कॉलेजात!

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही बे एरियात राहतो. मुलाचं हायस्कूल येत्या जूनमध्ये संपतंय. त्याला हिस्टरी करायचीये आणि वर म्हणतो की दोन वर्षं इथल्या कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) जातो, मग यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर घेतो. ह्यांनी तीन दिवस त्याच्याशी अबोला धरलाय. मंडळातल्या सगळ्यांची मुलं कम्प्युटर सायन्सला चाललीयेत, मला तर कोणी विचारलं की विषयच बदलते. असं खरंच होतं का, की मुलगा तिथेच अडकून पडतो?
– एक आई, फ्रीमाँट

उत्तर : अहो, तुमच्या घरात दोन वेगळी भांडणं एकाच कढईत पडलीयेत. हिस्टरी का, हे एक, आणि कम्युनिटी कॉलेज का, हे दुसरं. बाबांना नक्की कशाचा राग आलाय ते आधी विचारून घ्या, बऱ्याचदा त्यांनाही माहीत नसतं.

कॉलेजचं आधी बघू. आपल्या लोकांच्या डोक्यात हे असं बसलंय की जिथे कुठेच ॲडमिशन मिळाली नाही ती मुलं तिथे जातात. पण १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज निघालं ते मुळात युनिव्हर्सिटीची पहिली दोन वर्षं मुलांना गावातच शिकता यावीत म्हणून. म्हणजे तुमचा मुलगा जे म्हणतोय तेच त्या कॉलेजांचं मूळ काम. कॅलिफोर्नियाने तर १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये हे लिहूनच ठेवलं की कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं, आणि तिथून यूसी आणि सीएसयूला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) जायची वाट ठेवायची.

पैशाचं गणित बाबांसमोर कागदावर मांडा, तोंडी नको. राज्यातल्या रहिवाशांना युनिटला (क्लास ह्याच मापात मोजतात) ४६ डॉलर, म्हणजे तीन युनिटचा एक क्लास १३८ ला, आणि ट्रान्सफरला लागणारे ६० युनिट धरले तर दोन वर्षांची फी होते २,७६०. पुस्तकं, पार्किंग वेगळं. यूसीत नुसती ट्यूशन आणि फीच वर्षाला चौदा हजारांच्या वर जाते, राहणं-खाणं सोडून. आणि पुस्तकांचं म्हणाल तर क्लासच्या यादीत 'झिरो टेक्स्टबुक कॉस्ट' असं लिहिलेले क्लास असतात, हिस्टरी, फिलॉसॉफीत बरेच सापडतात, ते आधी बघायला सांगा त्याला.

आता अडकण्याचं. तुमची भीती खोटी नाहीये, उगाच गोड बोलत नाही. देशभरात बघितलं तर कम्युनिटी कॉलेजात सुरुवात करणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलंच चार वर्षांच्या कॉलेजला ट्रान्सफर होतात, आणि त्यातल्या निम्म्यांच्या आसपास सहा वर्षांत बॅचलर्स पुरी करतात. पण ह्यात नोकरी करून शिकणारे, घर सांभाळणारे, दोन क्लास करून सोडणारे असे सगळेच आले, त्यामुळे हा आकडा तुमच्या मुलाचं भविष्य म्हणून वाचू नका. खरी मेख क्रेडिट, म्हणजे कमावलेले युनिट, वाया जाण्यात आहे. सरकारच्याच जीएओ नावाच्या ऑफिसने २०१७ मध्ये रिपोर्ट दिला होता, कॉलेज बदलणाऱ्या मुलांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट नव्या कॉलेजात धरलेच गेले नाहीत. म्हणजे जवळपास अर्धं शिकणं पाण्यात!

म्हणून त्याला सांगा, पहिल्या आठवड्यातच ठरव की बाहेर पडून कुठे जायचंय. असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिथे आपलं कॉलेज, समोरची युनिव्हर्सिटी आणि हिस्टरी हा मेजर टाकला की कुठला क्लास तिकडे कशाच्या बदल्यात धरतात ते समोर येतं. मग कॉलेजच्या काउन्सेलरकडून एज्युकेशन प्लॅन लिहून घ्यायचा, लिहून म्हणजे लिहून, आणि दर सेमिस्टरला एकदा दाखवायचा. हा प्लॅन असला की क्लास निवडायला नंबरही आधी लागतो, नाहीतर हवा तो क्लास भरून जातो आणि पोरं मग जे मिळेल ते घेतात, ट्रान्सफरचं वेळापत्रक कोलमडायला इथूनच सुरुवात होते. जनरल एज्युकेशनची, म्हणजे मेजर कुठलाही असो सगळ्यांना करावे लागतात त्या विषयांची, यादी पूर्वी यूसीची वेगळी आणि सीएसयूची वेगळी असायची, २०२५ च्या फॉलपासून नव्या मुलांना दोन्हीकडे कॅल-गेटसी ही एकच यादी चालते, तेवढी एक डोकेदुखी गेली.

दोन शब्द त्याने पाठ करून ठेवावेत. एक एडीटी, म्हणजे ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट डिग्री. ती घेतली की सीएसयूत जागा पक्की, पण कुठल्यातरी कॅम्पसला, हव्या त्याच कॅम्पसला असं नाही, इथे बरेच लोक फसतात. दुसरा टॅग. यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ ह्या सहापैकी एका कॅम्पसशी आधीच करार करता येतो, ठरलेले क्लास आणि ठरलेला जीपीए (मार्कांची सरासरी) आणला तर ॲडमिशन नक्की. फॉर्म सप्टेंबरमध्येच भरायचा असतो, एक ऑक्टोबर उजाडला की संपलं. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो टॅग देत नाहीत. ट्रान्सफरची मुलं तेही घेतात पण हमी नाही, तेव्हा फक्त बर्कलीच्या नावावर सगळा डाव लावू नका.

आणि हो, हिस्टरी घेतली म्हणून गणित सुटत नाही. एक तरी क्लास करावाच लागतो, बहुतेक मुलं स्टॅटिस्टिक्स उरकतात.

आता विषयाचं. हिस्टरी घेऊन लोक वकील होतात, शिक्षक होतात, सरकारी नोकरीत जातात, म्युझियममध्ये, पेपरात, ही यादी बाबांनाही माहितीये, त्यांचा प्रश्न तो नाहीचये. त्यांना भीती वाटतेय की पोरगं अठराव्या वर्षी काहीतरी ठरवेल आणि विसाव्या वर्षी त्याचं मन बदलेल. मग मी म्हणते की मन बदलायला ह्याहून स्वस्त जागा कुठली? १३८ डॉलरला त्याला कळेल की हिस्टरी म्हणजे सनावळ्या नाहीत, जुनी पत्रं, कोर्टाचे कागद, गावाच्या मोजणीच्या वह्या वाचून त्यातून कोण खोटं बोलतंय ते काढायचं असतं. आवडलं तर आवडलं, नाही तर दुसऱ्या सेमिस्टरला इकॉनॉमिक्स घेईल, युनिव्हर्सिटीत हेच करायला एक वर्ष आणि पंधरा-वीस हजार जातात. अबोला मात्र आजच सोडवा, फॉर्म भरताना घरातल्या मिळकतीचे कागद बाबांकडूनच लागणारेत.

प्रश्न : माझं वय ४७. बी.कॉम. झालंय, ग्रीन कार्ड आहे, मुलं बाहेर पडली. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात आर्ट हिस्टरी आणि सिरॅमिक्स करावं असं दोन वर्षं मनात आहे. पण वर्गात सगळी विशीतली पोरं, आणि माझं इंग्लिश बोलायला ठीक असलं तरी निबंध म्हटलं की हात थरथरतो.
– मीनल, सॅन होजे

उत्तर : मीनल, मी गेले तेव्हा ४४ ची होते आणि वर्गात माझ्याहून मोठे तिघं होते. संध्याकाळच्या क्लासला तर विशीतली पोरं शोधावी लागतात.

एक प्रसंग सांगते. सात ते दहाचा आर्ट हिस्टरीचा क्लास, दिवे बंद, पडद्यावर रेम्ब्रांटचं १६३२ चं चित्र, डॉक्टर टुल्प टेबलावरच्या प्रेताच्या हाताचे स्नायू चिमट्याने उचलून धरतोय आणि बाकीचे वाकून बघतायत. सरांनी विचारलं काय दिसतंय, आम्ही आपले प्रकाश कुठून येतोय, कॉलर किती पांढऱ्या, असलं पुस्तकी बोलत होतो. मागे एक नर्स बसायची, निळ्या स्क्रब्जमध्ये, अकराला नाइट ड्यूटी असायची तिची. ती म्हणाली, डॉक्टरच्या डाव्या हाताकडे कोणीच का बघत नाहीये? चिमट्यात धरलेत त्याच स्नायूंनी बोटं वाकतात, आणि तो डाव्या हाताने तेच करून दाखवतोय. असं म्हणून तिने आपल्या हाताला कोपराच्या खाली पकडून बोटं वाकवून दाखवली. पुढची दोन मिनिटं अख्खा वर्ग, सर धरून, आपापला हात चाचपत बोटं वाकवत बसला होता. मग सरांनी सांगितलं की त्या काळात प्रेत आधी पोटाकडून उघडायचे कारण तो भाग लवकर सडतो, म्हणजे रेम्ब्रांटने हात मुद्दाम निवडलाय. तू बी.कॉम. आहेस ना, एखाद्या व्यापाऱ्याच्या चित्रात टेबलावर खातेवही उघडी दिसली की तुला जे सुचेल ते त्या पोरांना सुचणार नाहीये.

निबंधाचं सांगते. आपण गाईड वाचून वाढलेले लोक, आपल्याला वाटतं की जास्तीत जास्त माहिती भरली की मार्क. माझा पहिला निबंध परत आला तेव्हा समासात तीन ठिकाणी पेन्सिलीने फक्त 'सो व्हॉट?' लिहिलं होतं. मला रडूच आलं, चार पानं लिहिली होती हो! मग ऑफिस अवरला, म्हणजे शिक्षकांना भेटायच्या ठरलेल्या वेळेला, गेले तर बाई म्हणाल्या, ह्यात चित्रकार कधी जन्मला सगळं आहे, तुला काय दिसलं ते कुठाय. तिथून पुढे सोपं झालं. व्याकरणासाठी रायटिंग सेंटर असतं, फुकट, लाज न बाळगता जायचं. वाक्य कुठून उचललं तर तिथे नाव द्यायचं, ह्या बाबतीत ते फार कडक आहेत. आणि ऑफिस अवरची वेळ पहिल्याच दिवशी लिहून घे, कारण शिकवणाऱ्यांपैकी खूप जण पार्टटाइम असतात, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, त्यांना फ्रीवे फ्लायरच म्हणतात, क्लास संपला की गाडीकडे पळतात.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. तुझी डिग्री भारतातली असली तरी बॅचलर्सच, त्यामुळे पेल ग्रँट, म्हणजे सरकारची शिक्षणासाठीची मदत, मिळणार नाही, फी स्वतःची धर. आणि सिरॅमिक्स कायम करता येईल असं समजू नकोस, कॅलिफोर्नियात २०१३ पासून एका प्रकारचे जास्तीत जास्त चारच क्लास घेता येतात आणि पास झालेला क्लास सहसा परत घेता येत नाही. म्हणून चाकावरचं काम शेवटी ठेव, आधी हाताने घडवायचं शीक. नखं मात्र पहिल्या दिवशीच काप, माती आत जाऊन बसली की आठवडाभर निघत नाही.

प्रश्न : मी एच-फोरवर (नवऱ्याच्या एच-वन व्हिसावरचा डिपेंडंट व्हिसा) आहे, फिलॉसॉफीचे क्लास घेतले तर चालतात का? आणि सासूबाई सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर येतायत, त्यांनाही सोबत पॉटरीला घालता येईल का?
– प्र., न्यू जर्सी

उत्तर : तू खुशाल घे, एच-फोरवर शिकायला बंदी नाही, पार्टटाइम असो की फुलटाइम. फक्त सरकारी फायनान्शियल एड मिळत नाही. फी काउंटीतल्या माणसाची लावतात की बाहेरच्याची, हे राहत्या पत्त्याच्या कागदांवर ठरतं, ते ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून विचार आणि उत्तर जपून ठेव, फोनवर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सासूबाईंना क्रेडिटच्या क्लासला नाही घालता येत, व्हिजिटर व्हिसावर कॉलेजचं शिक्षण बसत नाही. हौसेखातर एखाददोन दिवसांचं, क्रेडिट नसलेलं शिबिर असतं ते चालतं. तेवढ्यात एक वाटी होते, वाकडी.