पहाट मागायची तर कोणाकडे?

(या महिन्यात सकाळच्या दिनक्रमाबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतल्या चार पत्रांना सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या आमच्या परिसेविका उत्तर देत आहेत. वाचक त्यांना ‘सिस्टर’ म्हणूनच ओळखतात.)

प्रश्न : सिस्टर, मी ३९ वर्षांची. डोंबिवलीला राहते, नोकरी बॅलार्ड इस्टेटमध्ये. सव्वापाचला उठून डबे, पाणी, मुलाची शाळा उरकते आणि सातची लोकल पकडते. रात्री आवराआवर होऊन झोपायला सव्वाबारा वाजतात. स्वतःसाठी वेळच नाही, म्हणून सव्वाचारला उठून चालणं आणि प्राणायाम सुरू करायचं अनेकदा ठरवलं. दोन-तीन दिवसांत गळून जाते. मिस्टर घरात मदत करतात. माझी इच्छाशक्तीच कमी पडतेय का?

उत्तर : ताई, तुमची इच्छाशक्ती शाबूत आहे. सव्वाबारा ते सव्वापाच म्हणजे पाच तास. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. आधीच दोन तास कमी पडताहेत आणि त्यातूनच तुम्ही आणखी एक तास काढायला निघालात. सव्वाचारला उठू नका. माझं हे सांगणं अगदी ठाम आहे. सलग नाइट केलेल्या मुली सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना सलाइनचा आकडा पुन्हा पुन्हा का तपासतात, हे मी वॉर्डात रोज पाहिलंय. झोप मोडली की आधी लक्ष जातं, मग चिडचिड सुरू होते आणि शेवटी माणूस स्वतःलाच नावं ठेवायला लागतो. तुमचं पत्र त्या तिसऱ्या पायरीवरून आलंय.

तेव्हा उठायची वेळ आहे तीच ठेवा, झोपायची अलीकडे आणा. पहिल्या आठवड्यात बारा, मग पावणेबारा, असं करत सव्वादहापर्यंत या. हे एकटीने जमणार नाही, म्हणून तुमच्या पत्रातल्या ‘मदत करतात’कडे वळते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि ते करणारा पुरुष ९७, असं त्यात दिसलं. म्हणजे तुमच्या घरचं चित्र जगावेगळं नाही. पण तुमच्या घरापुरतं ते बदलता येतं. ‘जरा हात लावा’ असं रोज नव्याने म्हणू नका, कामं कायमची वाटून टाका. उद्याची भाजी निवडून चिरून ठेवणं आणि कणीक मळून फ्रीजमध्ये ठेवणं, ही दोन कामं आजपासून मिस्टरांची. पोळीला कणीक घट्ट झाली तर झाली, चार दिवसांत हात बसतो. तुम्ही मागून जाऊन ती पुन्हा मळू नका. मुलगा शाळेत जाणारा आहे. दप्तर, पाण्याची बाटली आणि युनिफॉर्म त्याने रात्री नऊच्या आत मांडून ठेवायचा. एवढ्याने रात्रीचा तास-सव्वा तास मोकळा होईल. उरलेला मोबाइलमधून काढायचा. दिवसभरात तो एकच निवांत वेळ मिळतो, म्हणून हातातला फोन सुटत नाही, हे मला कळतं. तरी तो अंथरुणात नको.

आता व्यायाम. पहाट हवीच असा काही नियम नाही. सीएसएमटीपासून बॅलार्ड इस्टेट भरभर चाललं तर पंधराएक मिनिटांवर आहे. जाताना पंधरा, येताना पंधरा, आठवड्याचे पाच दिवस : झाली दीडशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला इतकाच मध्यम व्यायाम किमान म्हणून सांगते. चाल अशी हवी की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. पर्समध्ये चपला ठेवा आणि पायात बूट घाला. ऑफिसात काय दिसेल याचा विचार करू नका.

प्राणायाम मात्र घरीच होईल. रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला तो जोडून द्या. कुकर चढवला की गॅलरीत जायचं आणि शिट्ट्या होईपर्यंत सावकाश श्वास घ्यायचा. कुकर रोज लागतोच, त्यामुळे आठवण ठेवायचं वेगळं ओझं नाही.

आणखी एक. झोप सात तासांवर आली आणि तरी महिनाभराने जिना चढताना दम लागत असेल, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. वर्षानुवर्षं आळशी म्हणून बोलणी खाल्लेल्या बाईचं हिमोग्लोबिन आठ निघालं, असं आमच्या ओपीडीत कितीदा व्हायचं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर त्या चहासोबत घेऊ नका, लोह नीट शोषलं जात नाही.

प्रश्न : मी २३ वर्षांचा. पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करतो. आमचा पहाटे चारचा ग्रुप आहे, उठल्याबरोबर फोटो टाकायचा. आठवडाभर जमतं, मग दुपारी अभ्यासिकेत टेबलावरच झोप लागते. एक दिवस चुकला की २१ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे असा नियम आहे. ब्राह्ममुहूर्तावर वाचलेलं जास्त लक्षात राहतं हे खरं का?

उत्तर : बाळा, आधी ब्राह्ममुहूर्ताचा हिशेब करू. रात्रीचा चौदावा मुहूर्त म्हणजे ब्राह्ममुहूर्त. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा, म्हणजे तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं आधी संपतो. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. तेव्हा ब्राह्ममुहूर्त लागतो साडेपाचच्या सुमारास. जूनमध्ये तो साडेचारच्या आत सुरू होतो. बारा महिने चारचा गजर कुठल्या शास्त्रात बसवलाय, ते तुझ्या ग्रुपला विचार.

लक्षात राहण्याचं म्हणशील, तर वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं. झोप तोडून केलेलं वाचन दुपारपर्यंत सांडून जातं. शिवाय तुझ्या वयात शरीराचं घड्याळ जरा उशिराच चालतं. किशोरवयात ते पुढे सरकतं आणि विशीत हळूहळू मागे यायला लागतं. हा आळस नाही, वयाचा भाग आहे. मनात अपराधीपणा असेल तर तो आजच काढून टाक.

एकविसाचा आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. त्यातलं ‘किमान’ गळालं, चेहरा गळाला आणि २१ तेवढे उरले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरतील असं दिसलं, कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे : मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. पुन्हा एकपासून मोजायला लावणारा तुमचा नियम हीच तुझी खरी अडचण आहे. त्या ग्रुपमधून बाहेर पड.

सहाला ऊठ. रोज सहाला, रविवारीही. रविवारी दहापर्यंत झोपलास की रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवार हातचा जातो. उठल्यावर उजेडात बाहेर चहाला चालत जा. ढगाळ सकाळचा उजेडसुद्धा खोलीतल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो आणि शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं. फोन कॉटवर ठेवू नकोस. गजराचं साधं घड्याळ घे आणि ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव. रात्री साडेदहाला दिवा बंद. रूम पार्टनर ऐकत नसतील तर डोळ्यांवर पट्टी बांध.

प्रश्न : मी चाकणला कंपनीत आहे, वय ३१. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. नाइट करून सकाळी साडेसातला घरी येतो. घरचे म्हणतात, सकाळी झोपणारा माणूस सुधारत नाही. माझ्यासारख्याने सकाळचा दिनक्रम कसा बसवायचा?

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अशा सकाळी मी नोकरीभर काढल्या आहेत. रात्री सगळे झोपलेले असताना जे काम करतात, त्यांना सकाळी झोपण्याबद्दल कोणी बोलू नये. हे उत्तर घरी मोठ्याने वाचून दाखवा.

ज्या आठवड्यात नाइट आहे, त्या आठवड्यात तुमची सकाळ दुपारी तीनला होते. इतरांनी सकाळी सहाला जे करायचं, ते तुम्ही तीनला करा : उठायचं, पाणी प्यायचं, आंघोळ, मग थोडा वेळ उन्हात चालून यायचं. घड्याळातली वेळ बदलेल, क्रम बदलू नका. पाळी कुठलीही असो, क्रम तोच राहिला की शरीराला धरायला काहीतरी मिळतं.

त्या तीनपर्यंत झोप मात्र लागली पाहिजे. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सर्वांत खाली जातं. तेव्हाच डोळे मिटायला लागतात आणि तेव्हाच सगळे चहा मागतात. तुमचा शेवटचा चहा दोनच्या आत. चहा-कॉफीतलं कॅफिन अर्धं उतरायला पाच-सहा तास लागतात, म्हणून चारचा चहा तुम्हाला आठला अंथरुणात टक्क जागं ठेवतो. घरी आल्यावर पोटभर जेवू नका. थोडे पोहे किंवा दूध-पोळी घ्या आणि आडवे व्हा. खिडकीला जाड पडदा, नसेल तर जुनी गोधडी लावा. फोन बंद. दाराबाहेर कागद चिकटवा : ‘नाइट करून आलोय, बेल वाजवू नका.’ कुरिअरवालासुद्धा ते मानतो. झोपेसाठी दारूचा घोट घेणारे तुमच्या लाइनवर असतील. त्याने डोळा लागतो, पण झोप तुटक होते.

पापण्या जड झाल्या असतील तर सकाळी दुचाकीवर बसू नका, कंपनीच्या बसनेच या. याला पर्याय मी सांगणार नाही. आमच्याकडे कॅज्युअल्टीत सकाळी आठ-नऊला आलेल्या अशा मुलांच्या अंगावर कंपनीचाच शर्ट असायचा.

शेवटची नाइट झाली की सुट्टीच्या दिवशी फक्त तीन-चार तास झोपा आणि रात्री लवकर पडा, म्हणजे दिवसाच्या पाळीत परत येता येईल. आणि हे एकट्याने नाही, युनियनमार्फत मागा : पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकत जाव्यात. उलट दिशेने फिरवल्या तर शरीराला फार जड जातात.

प्रश्न : वय ७१, कोल्हापूर. साडेतीनला उठतो, साडेचारला रंकाळ्यावर असतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. नातू तिसरीत आणि नात दहावीत, दोघंही सातपर्यंत लोळतात. त्यांना ही सवय कशी लावू?

उत्तर : आजोबा, तुम्ही किती वाजता झोपता ते लिहिलं नाहीत. साडेआठला झोपत असाल तर तुमचे सात तास पूर्ण होतात. उतारवयात झोप अलीकडे सरकते, त्यात नवल नाही. नातवाला नऊ तास तरी हवेत, नातीला आठ ते दहा. मुलांची झोप अपुरी राहते म्हणूनच २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. त्यांना झोपू द्या. त्यांच्यासाठी काही करायचंच असेल, तर रात्री नऊनंतर तुमच्या घरातला टीव्ही बंद होईल एवढं बघा.

तुमच्यासाठी वेगळं सांगते. अंधारात जाऊ नका, फटफटल्यावर निघा. थंडीत कान झाका. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी उपाशीपोटी चालताना साखर एकदम उतरते : हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. तुमच्या गोळ्या त्यांतल्या आहेत का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. तोवर दोन बिस्किटं खाऊन निघा आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. सोबत एक चिठ्ठी असू द्या. तिच्यावर नाव, मधुमेह आहे हे, आणि मुलाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहा.