तीन कामं, एकच चेक?

प्रश्न : पुण्यात वाघोलीला आमची १२० फ्लॅटची सोसायटी. लिफ्ट-पंपाचं वीजबिल महिना १ लाख २० हजार. ८० किलोवॉटचं सोलर ४५ लाख, एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरायच्या यंत्रणेचं) नूतनीकरण ४० लाख आणि ओल्या कचऱ्याचा बायोगॅस २३ लाख असं एकत्र कोटेशन आलंय. घरटी ९० हजार. मी ६४ वर्षांची, पेन्शन बेताची. एफडी मोडून भरू का? पर्यावरणाचं काम, नाही म्हणवत नाही.

उत्तर : ताई, एफडी राहू द्या. आधी कमिटीकडून तिन्ही कामांचे हिशेब वेगळे मागून घ्या, कारण एका गाठोड्यात चांगलं-वाईट एकाच भावात खपतं.

सोलर ८० किलोवॉटचं आहे. एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले, तर वर्षाला १ लाख १५ हजारांच्या आसपास युनिट होतात. तुमचं लिफ्ट-पंपाचं बिल महिना १ लाख २० हजार आहे म्हणता. हात राखून वर्षाला १० लाख वाचतील असं धरू. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॉटमागे १८ हजार अनुदान आहे, म्हणजे १४ लाख ४० हजार. ते कोटेशनमधून वजा का नाही, हे विचाराच. वजा केल्यावर तीनेक वर्षांत पैसे वसूल. आपल्याकडची वीज बहुतांशी कोळशाची, तेव्हा वर्षाला ८० टनांच्या घरात कार्बन डायऑक्साइडही टळतो.

एसटीपीत एकच गोष्ट तपासा : फ्लशला वेगळी पाइपलाइन आहे का? असेल तर घरटी चार धरून ४८० माणसांचं, माणशी ४५ लिटर, म्हणजे रोज दोन टँकरचं पाणी वाचतं. नसेल तर ते पाणी बागेलाच, उरलेलं ड्रेनेजमध्ये. आमच्याच सोसायटीत ऑपरेटर वीज वाचवायला रात्री ब्लोअर (सांडपाण्यात हवा सोडणारा पंखा) बंद करायचा. सकाळी फ्लश ओढला की पिवळट पाणी आणि अंड्यासारखा वास. लोकांनी महिन्याभरात पुन्हा टँकरच्या पाण्याची लाइन जोडून घेतली. म्हणून पाइपलाइन असली तरी चोवीस तास माणूस आणि पाण्याची दरमहा तपासणी लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

बायोगॅसला माझा नकार. तुमच्याकडे ओला कचरा रोज ८० किलोच्या आसपास निघेल. त्यातून चार किलो एलपीजीइतका गॅस मिळतो, सिलिंडरचा तिसरा हिस्साही नाही. त्यात यंत्रावरच्या माणसाचा पगार निघत नाही. वर गॅस गळला तर उलटंच व्हायचं : त्यातला मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट हवा तापवतो. त्यापेक्षा गांडूळखताचे हौद बांधा. सोलर आणि गांडूळखत दोन्ही असलं की महापालिका मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात १० टक्के सवलत देते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर सोलरचे ३७,५०० तीन हप्त्यांत द्या, आणि अनुदान आल्यावर १२ हजार मेंटेनन्समध्ये वळते होतील असा ठराव सर्वसाधारण सभेत आधी करून घ्या.