कादंबरीवर चर्चा घेतली की वर्गात दोन-तीनच मुलं बोलतात, बाकीची गप्प. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की अकरावीच्या ४० मुलांना एकच कादंबरी वाचायला दिली आणि चर्चेच्या तासाला पहिल्या बाकावरची तिघंच बोलली. मी कोल्हापुरात एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. माझ्या वर्गात तर दोघंच बोलायची, आणि त्यातलं एक माझ्या सहकाऱ्याचं पोरगं होतं.

गप्प पोरांना सांगायचं पुष्कळ असतं. पण चारचौघांत, पुस्तकी मराठीत, सरांच्या तोंडाकडं बघत सांगायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. व्हॉट्सअॅप ग्रुप काढून बघितला. तिथं अंगठे आले, गुड मॉर्निंग आलं, कादंबरी आली नाही. मग वही काढली. ८ जणांचा एक गट, गटाला २०० पानी एक वही, ती रोज एकाच्या घरी. आदल्यानं जे लिहिलंय त्याला आधी उत्तर द्यायचं, मग आपलं चार ओळी. बाकी नियम नाहीत.

कादंबरी कुठली, यावर बरंच अवलंबून असतं. मी ‘ययाति’ घेतो. १९५९ सालची आहे, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ १९७४ चं तिच्यासाठीच, लेखक वि. स. खांडेकर आपल्या कोल्हापुरात राहिलेले, इथल्या शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. हे सगळं मी पहिल्या दिवशी सांगतो आणि पोरं जांभया देतात. माझा खरा मतलब वेगळाच. ही गोष्ट ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघं आपापल्या तोंडानं सांगतात. म्हणजे भांडण आयतंच तयार असतं, मास्तरानं काडी टाकायची गरज नाही.

एका वर्षी चौथ्याच दिवशी एकानं लिहिलं, ‘कचाचं म्हणणं कोण विचारलंच नाही की.’ खरंच, कच, म्हणजे देवयानीचं आधी ज्याच्यावर प्रेम होतं तो, कथेत एवढा महत्त्वाचा, पण त्याला स्वतःचं निवेदन नाही. इतकी वर्षं शिकवतोय, मी कधी त्यावर बोट ठेवलं नव्हतं. त्याच्या खाली दुसऱ्या दिवशीचं उत्तर होतं: ‘तो बोलला असता तर खरं कळलं असतं असं तुला वाटतंय. तोबी आपलंच सांगितला असता.’ पुढची तीन पानं यावरच भरली.

आणखी एक. कागलकडून एसटीनं येणारी एक मुलगी, वर्षभर हजेरीपलीकडं तिचा आवाज ऐकला नव्हता. तिनं लिहिलं: ‘मी देवयानीचं परत एकदा वाचलो. ती रागीट हाय म्हणून सगळी लिहिल्यात. पण तिच्या बापानं तिला नाही म्हणून कधी सांगितलंच न्हाई, मग ती ऐकायला शिकणार कुठनं?’ (आमच्याकडच्या मुली ‘मी वाचलो, मी आलो’ असंच म्हणतात. बाहेरच्यांनी शुद्धलेखनाची चूक समजू नये.) त्या एका वाक्यावर मी एरवी दोन तास बोललो असतो आणि एवढं बोलता आलं नसतं.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. पहिल्या वर्षी मी लाल पेन घेऊन बसलो. ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, शेवटी ‘छान!’ लिहिलं. आठवड्याच्या आत वहीत ‘लेखकाने मानवी मनाचे प्रत्ययकारी चित्रण केले आहे’ सुरू झालं. पाच जणांचं तेच वाक्य, गाईडमधलं. त्या वह्या बंद करून नव्या आणाव्या लागल्या. आता मी आठवड्यातून एकदा, शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं एक प्रश्न लिहितो, तेवढंच. उदाहरणार्थ, महाभारतातला ययाति मुलाचं तारुण्य घेऊन हजार वर्षं भोगतो, खांडेकरांनी त्याला एवढी सवड का दिली नसेल?

प्रतींचं गणित आधीच करा. ४० प्रती कुणी विकत घेत नाही. काही आमच्या ग्रंथालयातनं, काही करवीर नगर वाचन मंदिरातनं (१८५० पासूनचं वाचनालय आहे, पोरांना तिथं नेऊन सभासद करणं हाच एक धडा), उरलेल्या आजोबांच्या ट्रंकेतनं. त्यामुळं आवृत्त्या वेगवेगळ्या निघतात. ‘पान १४२ बघ’ म्हटलं की दुसऱ्याच्या पुस्तकात तिथं तिसरंच. म्हणून निवेदक कोण ते आणि वाक्याचे पहिले चार शब्द लिहायला लावतो.

शुक्रवारच्या तासाला वह्या उघडायच्या, पण आपलं लिहिलेलं आपण वाचायचं नाही, शेजाऱ्याचं वाचायचं. आपलं वाक्य दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं की मुकी पोरंही ‘तसं न्हाई, मला असं म्हणायचं होतं’ करत उठतात. तुम्हाला हवी ती चर्चा इथं सुरू होते.

चाळिसातली सहा-सात जणं शेवटपर्यंत कादंबरी वाचत नाहीत. वहीत ते लगेच दिसतं. मी मार्क कापत नाही, कारण मार्क आले की गाईड आलंच.

गेल्या वर्षी एक वही तेलाच्या बोटांचे ठसे घेऊन परत आली. पोरगा कॉलेज सुटल्यावर उद्यमनगरात लेथवर काम करतो. पुरूचा, म्हणजे ययातीच्या मुलाचा, भाग चालला होता. बापानं तारुण्य मागितलं तर द्यायचं का, यावर आधीच्या तिघांनी ऐसपैस लिहिलं होतं. यानं एकच ओळ लिहिलेली: ‘आमच्यात मागत न्हाईत, घेत्यात.’ पुढच्या मुलीनं नियम मोडला. उत्तर न लिहिता ते पान तसंच सोडलं आणि पुढच्या पानावर सुरुवात केली. त्या शुक्रवारी ती वही मी वाचायला दिली नाही, आणि कुणी मागितलीही नाही.

तुम्ही विचारलंय कधी सुरू करू. दिवाळीच्या सुट्टीनंतर. पावसाळ्यात पंचगंगेला पाणी चढलं की खेड्यातली पोरं अडकतात आणि वही त्यांच्याबरोबर. सहा आठवडे धरा, आणि वहीला प्लॅस्टिकचं कव्हर घाला.