घराजवळच्या समुद्रपक्ष्यांशी मैत्री करायची तर त्यांना खायला घालावं का?

मैत्री जरूर करा, पण खायला घालून नको. कुरव, म्हणजे सीगल, फार चटकन शिकतात. एकदा सवय लागली की कुणाच्याही हातातला घास पळवतात आणि मग लोकांचा राग त्यांच्यावरच निघतो. पाव तर नकोच, त्याने नुसतं पोट भरतं.

त्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी एकाच जागी शांत बसा. टक लावून बघू नका, रोखलेली नजर त्यांना खटकते. एखादा समोरच्या कठड्यावर निवांत पिसं साफ करू लागला की समजा, जमलं! तेव्हा चोचीच्या टोकाशी लोंबणारा थेंब बघा. खाऱ्या पाण्यातलं जादा मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी असं बाहेर टाकतात. मला ते बघायला फार आवडतं.

आजारी पक्ष्याला मात्र हात लावू नका, बर्ड फ्लू असू शकतो.