लोकांच्या लेखी : एका दुआचं मराठी

प्रश्न असा आहे : चारचौघांत आपल्याला सतत कमी लेखलं जातं, आपण कुणाच्या खिजगणतीतही नाही असं वाटतं, तेव्हा मन थाऱ्यावर यावं म्हणून मुसलमान माणूस जी प्रार्थना करतो तिला मराठीत 'नमाज' म्हणायचं का? आणि तशी प्रार्थना मराठीत आणायची तर शब्द कोणते वापरावेत?

नमाज नव्हे, दुआ. नमाज म्हणजे अरबीतली सलात, ठरलेल्या पाच वेळांना ठरलेल्या क्रमाने अदा करायची उपासना. मनातलं अल्लाहपुढे मांडणं ती दुआ. ती केव्हाही आणि आपल्या भाषेत करता येते. हाक मारणं हा तिचा मूळ अर्थ, आणि कोर्टातला आपला 'दावा' त्याच धातूतून आलेला. मराठीत रुळलेला 'दुवा' आशीर्वादाकडे झुकलाय, गोरगरिबांचा दुवा घ्यावा म्हणतात तसा. शिवाय दोन गोष्टी जोडणारा दुवा वेगळाच. म्हणून या अर्थी 'दुआ' असंच लिहावं.

तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडणारी दुआ ताइफची आहे. इ.स. ६१९च्या सुमारास प्रेषित मुहंमद मक्केहून ताइफला गेले, सोबत त्यांचे मानलेले पुत्र जैद बिन हारिसा. सकीफ टोळीच्या म्होरक्यांनी त्यांना हिणवून परत पाठवलं आणि टवाळ पोरांनी दगड मारत गावाबाहेर काढलं. एका द्राक्षमळ्याच्या आडोशाला बसून त्यांनी जे म्हटलं, त्याची सुरुवात इकडच्या उच्चारात अशी : 'अल्लाहुम्मा इलैका अश्कू जअफ कुव्वती, व किल्लत हीलती, व हवानी अलन्नास.'

यातली कुव्वत म्हणजे आपली कुवत. जअफचा सख्खा भाऊ 'जईफ' आपण थकल्याभागल्या म्हाताऱ्याला लावतो. (ही दुआ प्रेषितांचे जुने चरित्रकार इब्न इसहाक यांच्या परंपरेतून आली, आणि तिची सनद, म्हणजे ती सांगणाऱ्यांची साखळी, कमकुवत असल्याचं हदीसचे, म्हणजे प्रेषितांच्या वचनांचे, अनेक अभ्यासक सांगतात. त्यासाठी त्यांची संज्ञाही 'जईफ'च.)

खरी कसोटी 'अश्कू' आणि 'हवानी' या दोन शब्दांची. अश्कू म्हणजे 'मी तक्रार करतो', पण तक्रार म्हटलं की अर्ज, शिक्का, पोलीस चौकी डोळ्यांपुढे येते. इथे 'गाऱ्हाणं' हवं. गाऱ्हाणं दुखावलेला माणूस मांडतो, आणि कोकणात तर देवापुढेही गाऱ्हाणंच घालतात. तक्रार आणि प्रार्थना एकाच शब्दात नांदवणारी सोय आपल्याकडे आयती आहे, ती सोडू नये.

'हवान' म्हणजे हलकं ठरणं, क्षुद्र ठरणं. बहुतेक जण 'माझा अपमान' करून मोकळे होतात, पण अपमान एकदा घडतो आणि सरतो. हवान ही लोकांच्या नजरेतली आपली कायमची किंमत. 'लोकांच्या लेखी मी कुणीच नाही' म्हटलं की ते नेमकं उतरतं. याच धातूचा 'हौन' कुरआनात (अध्याय २५, आयत ६३) रहमानच्या, म्हणजे अल्लाहच्या, बंद्यांच्या चालीसाठी आलाय : जमिनीवर नम्रपणे चालणारे. दुसऱ्यांनी लादलं की हीनपण, आपण होऊन पत्करलं की विनय. मला हा धातू फार मोठा वाटतो.

तर मराठी असं होईल : 'हे अल्लाह, माझी कुवत अपुरी पडली, माझे उपाय खुंटले, लोकांच्या लेखी मी कुणीच नाही, हे गाऱ्हाणं मी तुझ्यापाशीच घालतो.' पुढे याच दुआत येतं : तुझा माझ्यावर रोष नसेल, तर मला कशाची पर्वा नाही. लोकांचं मत बदलावं अशी मागणी यात कुठेच नाही, हे भाषांतर करताना विसरू नये. आपल्या पदरचं 'त्यांना माझी किंमत कळू दे' घुसवण्याचा मोह होतो.

राहिली 'मनःशांती'. कुरआनात लोकांच्या बोलण्याने छाती आवळते असं म्हटलंय (१५:९७), आणि प्रेषित मूसांची दुआ आहे 'रब्बिश्रह ली सद्री', माझी छाती खुली कर (२०:२५). मराठीत ऊर दडपतो आणि ऊर मोकळा होतो, तेव्हा इथे 'ऊर'च ठेवा, 'मन' नको. हृदयात उतरणाऱ्या शांतीला शब्द आहे सकीना (४८:४). तिचा धातू वस्ती करण्याचा, जुन्या कागदपत्रांत राहणाराच्या नावापुढे येणारा 'साकीन' त्यातलाच. म्हणून सकीनासाठी नुसतं 'शांती' लिहिण्यापेक्षा 'वस्तीला आलेली शांती' लिहिलेलं मला अधिक पटतं.